स्किन वॉर्डच्या रेसिडेंट मॅडमना, आईकडून आणि माझ्याकडून

मॅडम, तुमच्या वॉर्डात रोज किती पेशंट येतात ते मी पाहिलंय, त्यामुळे आम्ही लक्षात असू असं नाही. केळीच्या पानांवर झोपवलेल्या, पेम्फिगस व्हल्गॅरिसच्या, म्हणजे तोंडात आणि कातडीवर फोड येणाऱ्या आजाराच्या, काकू, ज्या फोडांपेक्षा "हे मलाच का झालं" यानेच जास्त खचल्या होत्या, ती माझी आई.

बरेच महिने फक्त तोंडात जखमा होत्या. कुणी उष्णता म्हटलं, कुणी बी कॉम्प्लेक्स दिलं, कुणी दातांच्या डॉक्टरकडे पाठवलं, साधं वरण खाल्लं तरी झोंबायचं, शेवटी छातीपाठीवर फोड आले तेव्हा कुठे बायोप्सी झाली. तोवर नात्यातल्या काहींनी तिचं ताटवाटी वेगळं केलं होतं. आजाराचं नाव आम्हाला सगळ्यांनी सांगितलं पण शरीरात नेमकं काय बिघडलंय हे फक्त तुम्ही सांगितलंत, राउंड संपल्यावर, स्वतःचं जेवण बाजूला ठेवून, केसपेपरच्या मागे पेनाने चित्र काढत.

आई ब्लाऊज शिवते हे आधी विचारून घेतलंत आणि मग म्हणालात, काकू, कातडीतल्या पेशी एकमेकींना टिचबटणांनी लावल्यासारख्या असतात, त्या जोडाला डेस्मोसोम म्हणतात. शेजारच्या पेशीला पकडणारं प्रोटीन म्हणजे डेस्मोग्लीन, आणि आतल्या बाजूने तो जोड केराटिनच्या तंतूंना बांधलेला, म्हणून कातडी कितीही ओढली घासली तरी ताण वाटला जातो आणि ती फाटत नाही. तुमचं शरीर त्याच डेस्मोग्लीनच्या विरोधात अँटिबॉडी बनवतंय, त्यामुळे पेशी सुटतात आणि मधे पाणी भरतं. ताटातून, कपड्यातून, हात लावल्याने हे कुणालाही होत नाही. हे शेवटचं वाक्य तुम्ही मुद्दाम भेटायला आलेल्या नातेवाईकांसमोर परत म्हणालात. मॅडम, त्या एका वाक्यासाठीच खरं तर हे पत्र.

मग मी विचारलं की आधी फक्त तोंडातच का. तुम्ही म्हणालात, तोंडातल्या अस्तराची भिस्त मुख्यतः डेस्मोग्लीन ३ वर असते, कातडीत मात्र १ आणि ३ दोन्ही असतात, त्यामुळे ३ वर हल्ला झाला तरी १ सांभाळून घेतो. १ च्या विरोधातही अँटिबॉडी तयार झाल्या की अंगावर फोड येतात. इतके महिने जे कोडं होतं ते मला दोन मिनिटात कळलं.

मग पोट का नाही सुटत, आतडी का नाहीत, हेही विचारलं, आणि तुम्ही न कंटाळता आतड्याच्या पेशींचं चित्र काढून दाखवलंत. सगळ्यात वर टाइट जंक्शन, त्यात क्लॉडिन आणि ऑक्लुडिन ही प्रोटीनं, पेशींच्या मधल्या फटीतून वाट्टेल ते आत झिरपू नये म्हणून. त्याच्या खाली अ‍ॅढेरन्स जंक्शन, ई-कॅडहेरिन या प्रोटीनचा, तो पेशीतल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना जोडलेला आणि कॅल्शियमशिवाय टिकत नाही. डेस्मोसोम तिथेही असतात पण डेस्मोग्लीन २ चे, आणि आईच्या अँटिबॉडींचा नेम त्याच्यावर नव्हता. गॅप जंक्शन या आणखी एका जोडाचं तुम्ही घाईत सांगितलंत कारण तुम्हाला कॉल आला, ते मी घरी येऊन वाचलं, की कनेक्सिन नावाची सहा सहा प्रोटीनं मिळून नळी बनते आणि तिच्यातून साधारण १००० डाल्टन (रेणूच्या वजनाचं माप) पर्यंतचे छोटे रेणू या पेशीतून त्या पेशीत जातात, आणि कनेक्सिन २६ च्या जीनमधे बिघाड असेल तर मूल जन्मतः बहिरं असू शकतं.

बायोप्सीची स्लाइड मायक्रोस्कोपखाली दाखवलीत ते तर मी कधीच विसरणार नाही. सगळ्यात खालची पेशींची रांग जागच्या जागी उभी, आणि तिच्या वर मोकळी जागा, त्यात सुट्या पडलेल्या गोल गोल पेशी. खालची रांग का नाही सुटली तर तिला खालच्या पडद्याला धरून ठेवणारे हेमिडेस्मोसोम नावाचे जोड वेगळे असतात, इंटेग्रिन या प्रोटीनचे, ते शाबूत होते. शेजारच्या बेडवरच्या आजींचे फोड आईसारखे लगेच फुटणारे नसून टणक का होते तेही तेव्हाच समजलं, त्यांना पेम्फिगॉइड हा फोडांचा दुसरा आजार होता, हल्ला हेमिडेस्मोसोमवर, फोड कातडीच्या वरच्या थराच्या पूर्ण जाडीखाली.

पल्स, म्हणजे ठरावीक दिवसांनी दिले जाणारे औषधांचे मोठे डोस, सुरू झाल्यावरही नवे फोड येत होते तेव्हा आई म्हणाली मला घरी न्या, औषध लागू पडत नाही. तीन दिवस लागोपाठ डेक्सामेथासोन, त्यात एक दिवस सायक्लोफॉस्फामाईड, दर २८ दिवसांनी परत, एवढं सोसूनही फोड येतात म्हटल्यावर कुणीही हाय खाईल. तुम्ही बेडवर बसून सांगितलंत की औषध नवीन अँटिबॉडी बनणं कमी करतंय, पण रक्तात आधीच असलेल्या निम्म्या व्हायलाच जवळपास तीन आठवडे जातात, तोवर त्या जोड तोडत राहणार. आई थांबली. औषध सोडलं असतं तर काय झालं असतं याचा विचारही करवत नाही.

आता ती बरी आहे, गोळ्या कमी होत आल्यात, तपासणीला वेळेवर जातो. गल्लीत कुणाच्या तोंडातल्या जखमा आठवडेच्या आठवडे भरत नसल्या की ती स्वतःच सांगते, स्किनच्या डॉक्टरला दाखव आणि बायोप्सीला घाबरू नको. खूप खूप थँक्यू मॅडम, आईने नमस्कार सांगितलाय, आणि तुमची बदली कुठे झाली ते कळवा, तिला तुम्हाला भेटायला यायचंय.