ग्रीन पक्ष फक्त शहरांचा?

इंग्लंडमधील ४ मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांवरील लेखात ग्रीन या पर्यावरणवादी पक्षाला ‘शहरी सुखवस्तूंचा पक्ष’ म्हटले आहे. मिड सफोकचा निकाल नेमका याच्या उलट आहे. हा शेतीचा, लहान गावांचा जिल्हा; स्टोमार्केट हेच त्यातले मोठे गाव. तिथे ३४ पैकी २४ जागा घेऊन या पक्षाने ब्रिटनमध्ये प्रथमच एखाद्या कौन्सिलात स्पष्ट बहुमत मिळवले. याला लाट म्हणावे, तर २०१९ मध्येही त्यांच्या १२ जागा होत्याच. उलट ब्रायटन अँड होव्ह या शहरी बालेकिल्ल्यात, कारभार हाती असताना, हा पक्ष त्याच दिवशी ५४ पैकी ७ जागांवर घसरला आणि मजूर पक्षाला बहुमत मिळाले.

जिल्हा कौन्सिलकडे कचरा, घरबांधणी, बांधकाम परवाने अशी रोजची कामे असतात. शाळा आणि बहुतेक रस्ते काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या वरच्या कौन्सिलकडे. अशा निवडणुकीत मतदार पक्षाच्या तत्त्वज्ञानापेक्षा ओळखीचा, कामाला येणारा माणूस पाहतो. लेखात या बाजूचा उल्लेखही नाही.

— एक वाचक, पुणे