सईचा निकाल मार्चमध्ये आहे, एवढंच सांग

एडिसन, न्यू जर्सी
१८ डिसेंबर

प्रिय नंद्या,

तुझे सगळे व्हॉइस मेसेज ऐकले, वहिनींचाही ऐकला. फोन केला असता, पण फोनवर तू समोरच्याला बोलू देत नाहीस हा हॉस्टेलपासूनचा अनुभव. म्हणून लिहायला बसलोय. हे सईला दाखवायचं की नाही ते तू ठरव. लिहितोय तुला, कारण तुझ्या आवाजावरून मला तिच्यापेक्षा तुझीच काळजी जास्त वाटली.

आधी तुझा मूळ प्रश्न: आपल्या सईला इथल्या कॉलेजनं 'डिफर' केलं, म्हणजे नाकारलंच ना? नाही, हा नकार नाही. अर्ली डिसिजनच्या, म्हणजे एकाच आवडत्या कॉलेजला आधी अर्ज करायच्या फेरीत निकाल तीनच प्रकारचे असतात: घेतलं, नाकारलं किंवा डिफर. डिफर म्हणजे सईची फाइल आता नियमित फेरीच्या गठ्ठ्यात जाणार आणि जानेवारीत अर्ज करणाऱ्या मुलांबरोबर पुन्हा वाचली जाणार. निकाल मार्चअखेर. तिनं, तू आणि शाळेच्या समुपदेशक बाईंनी मिळून जी सही केली होती ना, की तुम्ही घेतलंत तर येणारच, बाकीचे अर्ज मागे घेणार, त्या सहीतून ती आता सुटली. मार्चमध्ये त्यांनी हो म्हटलं तरी तिला नाही म्हणायची मोकळीक आहे. तुझ्या एकाही मेसेजमध्ये हे नव्हतं, म्हणजे तुम्हाला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही.

आता दुसरी बाजू. डिफर झालेल्यांपैकी मार्चमध्ये वर्णी लागते ती फार थोड्यांची. आणि 'अगदी थोडक्यात हुकलं' असा अर्थ यातून काढू नकोस. काही कॉलेजं बहुतेकांना डिसेंबरातच नाकारून मोकळं करतात. काहींचं उलट असतं. एमआयटी तर लवकरच्या फेरीतल्या अर्ध्याहून जास्त मुलांना पुढं ढकलतं. प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी, त्यामुळं त्या एका शब्दावरून सई किती जवळ होती ते कळत नाही. कळावं असं फार वाटतं, ते मला ठाऊक आहे.

तू विचारलंस, कॉम्प्युटरची चूक तर नसेल? अरे, चुका होतात, पण बहुधा उलट्या दिशेनं. २०१४ च्या डिसेंबरात जॉन्स हॉपकिन्सनं नाकारलेल्या आणि डिफर केलेल्या जवळजवळ तीनशे मुलांना चुकून स्वागताचा ई-मेल पाठवला होता आणि नंतर माफी मागितली. त्या मुलांच्या घरी काय झालं असेल याचा विचार कर. त्या मानानं तुमचं बरं म्हणायचं.

आणि हो, 'तिथं तुझ्या ओळखीचं कुणी आहे का?' नाही. असतं तरी सांगितलं नसतं. तू ॲडमिशन ऑफिसला फोन करू नकोस, आमदारसाहेबांचं शिफारसपत्र आणू नकोस, सईच्या नावानं स्वतः ई-मेल तर मुळीच लिहू नकोस. कॉलेजनं जे मागितलंय तेवढंच द्यायचं. बापाचा फोन आलेला तिथं कुणाला आवडत नाही. आपल्याकडं यादी भिंतीवर लागायची, नाव असायचं किंवा नसायचं, आणि नसलं तर निदान कटऑफ किती टक्क्यांना लागला ते कळायचं. पुनर्तपासणीला पैसे भरता यायचे. इथं क्रमांक नाही, कटऑफ नाही, कारण विचारायची सोय नाही. तुझ्यासारख्या माणसाला हेच सोसत नाही. निकाल एक वेळ पचेल, हिशेब न मिळणं पचत नाही.

थोडा हिशेब मी देतो, सईपुरता नाही, एकूण कारभाराचा. अर्ली डिसिजन ही कॉलेजच्या सोयीची गोष्ट आहे. सही केलेलं पोर येणार म्हणजे येणारच, त्यामुळं त्यांची तेवढी जागा नक्की भरते. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठासारख्या ठिकाणी जवळजवळ निम्मा वर्ग असा वर्ष संपायच्या आत भरलेला असतो. 'लवकर अर्ज केला की शक्यता दुप्पट' असं ते पुण्यातले सल्लागार तुला सांगत होते. त्या आकड्यात रोइंग, फेन्सिंग, स्क्वॉश खेळणारी मुलंही मोजलेली असतात. प्रशिक्षकांनी त्यांना आधीच हेरलेलं असतं आणि ती बहुतेक याच फेरीतून आत येतात. वर माजी विद्यार्थ्यांची पोरं. मॅनेजमेंट कोटा फक्त आपल्याकडंच असतो असं समजू नकोस. २००६ मध्ये हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया विद्यापीठानं ही लवकरची फेरी बंद करायचं जाहीर केलं होतं, गरीब घरच्या मुलांवर अन्याय होतो म्हणून. बाकीची कॉलेजं काही त्यांच्यामागं गेली नाहीत. पाच वर्षांत तिघांनीही ती पुन्हा सुरू केली. मग हा खेळ कुणाच्या फायद्याचा, ते तूच बघ.

सईच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. ती परदेशी विद्यार्थिनी आहे आणि तुम्ही आर्थिक मदत मागितली आहे. मागायलाच हवी होती, वर्षाला ८५-९० हजार डॉलर आपल्यासारख्यांनी कुठून आणायचे? पण परदेशी मुलांची पैशाची गरज न बघता निवड करणारी कॉलेजं बोटांवर मोजण्याइतकी: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडिन, अलीकडं ब्राउन, अशी आणखी एखाद-दोन. सईचं कॉलेज त्यांत नाही. तिथं परदेशी मुलांसाठी मदतीची एक ठरावीक थैली असते. तिच्यातलं किती उरतंय हे मार्चपर्यंत बघायचं असेल, अशीही शक्यता आहे. माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण पोरीला 'तुझ्यात काय कमी पडलं' हे शोधायला बसवू नका. तिनं कितीही शोधलं तरी ती थैली तिला दिसणार नाही.

आता कामाचं. सईनं मला तिच्या पत्राचा मसुदा पाठवलाय, तुला ठाऊक नसेल तर आता कळलं. डिफर झाल्यावर 'मला अजूनही तुमच्याकडंच यायचंय' असं सांगणारं एक पत्र पाठवायचं असतं. काही कॉलेजं त्यासाठी पोर्टलवर फॉर्म देतात, काही 'काहीच पाठवू नका' म्हणतात. त्यांनी काय म्हटलंय ते आधी नीट वाचायचं. मसुद्याचं इंग्रजी सुरेख आहे. पण पहिला परिच्छेद निकाल वाचून किती वाईट वाटलं याचा. तो काढायला सांगितला. तिसरा परिच्छेद त्यांच्या लायब्ररीचा आणि लाल विटांच्या इमारतींचा. इमारती त्यांच्याच आहेत, त्यांना माहीत आहेत, तोही काढ म्हटलं. मधे एकच ओळ होती: 'रामनदीचं काम चालू आहे.'

मी तिला फोन केला, म्हटलं चालू आहे म्हणजे काय? तर पोरगी सुटलीच. पुण्यातल्या त्या नदीच्या पाण्यात प्राणवायू किती, हे ती तपासते. अर्ज केला तेव्हा पावसाळ्यापर्यंतच्याच नोंदी होत्या. पाऊस थांबल्यावर ती आणि तिची मैत्रीण रविवारी सकाळी बावधनच्या वरच्या अंगाला एक बाटली भरतात आणि पाषाणच्या खाली दुसरी. बाटलीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, म्हणून ती पाण्याखालीच बूच लावते. मग दोन रसायनं घालायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका खाली बसतो, नसेल तर पांढरा. वरची बाटली तपकिरी होते. खालची दिवाळीनंतर जवळजवळ पांढरी निघायला लागली. हे सांगताना तिचा आवाज निकालाच्या दिवसासारखा मुळीच नव्हता. म्हटलं, बाई, हेच लिही. दोन्ही बाटल्यांचे आकडे घाल, तारखा घाल, आणि तुमच्याकडं आले तर यात पुढं काय करायचंय ते दोन ओळींत सांग. शेवटी एक सरळ वाक्य, की घेतलंत तर मी येईन. पण ते खरं असेल तरच. एक पान, बस. नवीन वर्ष लागलं की पाठवायचं, आणि त्यानंतर त्या कॉलेजचं नाव घरात काढायचं नाही.

दुसरं म्हणजे प्रिलिम. जानेवारीतले मार्क शाळा मिड-इयर रिपोर्टमधून कॉलेजला कळवते. पत्रापेक्षा त्यांचं वजन जास्त असेल. शिवाय फेब्रुवारीत बोर्ड आहेच, ते कुणी डिफर करणार नाही.

तिसरं, दुसरी अर्ली डिसिजन. तू म्हणालास, लगेच दुसरीकडं सही करून टाकू. बऱ्याच कॉलेजांत ही दुसरी फेरी असते, अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीच्या मध्याला. पण तिथं घेतलं तर बाकी सगळे अर्ज मागे घ्यावे लागतात, हे पहिलं कॉलेजसुद्धा. मग ते पत्र आणि त्या बाटल्या कशाला? त्यामुळं एकच विचार तिला: हेच दुसरं कॉलेज ऑक्टोबरात पहिलं म्हणून निवडलं असतंस का? 'हो' पटकन आलं तर करू दे. बाबांना हायसं वाटावं म्हणून करणार असेल तर नको. मदतीचा आकडा न जुळल्यास सही केल्यावरही सोडवून घेता येतं, पण सतरा वर्षांच्या पोरीला एकाच हिवाळ्यात दोनदा आणाभाका घ्यायला लावणं मला तरी पटत नाही. त्यापेक्षा नियमित फेरीचे उरलेले निबंध नीट होऊ देत. यादीत तिला मनापासून आवडणारी आणि खात्रीनं घेतील अशी दोन तरी नावं हवीत. तिकडं अशोका विद्यापीठ आहे, तुमच्या लवळ्याला फ्लेम विद्यापीठ आहे, आणि ती नावं 'नाहीच झालं तर' अशा सुरात घेऊ नकोस. सूर पोरांना बरोबर कळतो.

घरचं सांगतो. तुझ्या ताईंना, सोसायटीतल्यांना आणि त्या जोशीकाकूंना एकच उत्तर: 'सईचा निकाल मार्चमध्ये आहे.' खोटं नाही, अर्धवटही नाही. पुढं विचारलं तर चहा विचार. तू ऑक्टोबरातच सगळ्यांना पेढ्यांची हमी दिली होतीस, त्याचं ओझं तुझ्यावर आहे, तिच्यावर नाही. वहिनी म्हणतात की ती खोलीतून बाहेर येत नाही. येईल. दाराशी जाऊन समजूत घालू नका, जेवायला हाक मारा आणि ताटावर दुसरं काहीतरी बोला.

मार्चमध्ये इथली घड्याळं तासभर पुढं गेलेली असतात. इथल्या संध्याकाळी सातचा निकाल परवा तुमच्याकडं पहाटे साडेपाचला आला, तेव्हा तो साडेचारला येईल. तिघांनी अलार्म लावून लॅपटॉपसमोर बसायचं नाही. झोपू दे तिला. उठल्यावर तिला हवं तेव्हा, दार लावून, एकटीला बघू दे. निकाल तिचा आहे.

आमच्या चिरंजीवांचं तू विचारलंस. त्यालाही डिफर केलं होतं आणि मार्चमध्ये नाही म्हणून कळवलं. आता तो इथल्याच रटगर्स विद्यापीठात आहे. 'जे होतं ते चांगल्यासाठीच' असं मी तुला सांगणार नाही, मला ते वाक्य आवडत नाही. त्याला विचारलं तर अजूनही म्हणतो की तिथं जायला आवडलं असतं. पण हे तो तोंडात घास असताना म्हणतो आणि पुढं भाजी वाढून घेतो. त्या कॉलेजची हुडी आम्ही आधीच घेऊन ठेवली होती, चांगली जाड आहे. बर्फ उपसताना मी घालतो. शेजारचा विचारतो, मुलगा तिथं असतो का? मी म्हणतो, नाही, हुडी फक्त.

सईचा नवा मसुदा आला की वाचून परत पाठवतो. तू त्यात हात घालू नकोस. तुझं इंग्रजी मला माहीत आहे.

वहिनींना नमस्कार, सईला आशीर्वाद.

तुझा,
अव्या

ता. क. नव्या यादीतलं जे कॉलेज सीएसएस प्रोफाइल (आर्थिक मदतीसाठी घरच्या कमाईचा तपशील देणारा फॉर्म) मागतं, त्या प्रत्येकाला ते वेगळं पाठवावं लागतं आणि त्याची तारीख अर्जाच्या तारखेहून वेगळी असू शकते. हे काम सईचं नाही, तुझं आहे. फॉर्म १६ आणि आयकर विवरणपत्रं आजच शोधून ठेव. दर वर्षी जुलैत शोधतोस तशी नाही.