टी ट्रीचं पाणी चांगलं, पण गजकर्णावर नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘टी ट्री फ्लोरल वॉटर’चे, म्हणजे टी ट्री या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पाल्यापासून वाफेवर काढलेल्या सुवासिक पाण्याचे, फायदे सांगणारा मजकूर आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. मुरमं, कोंडा, गजकर्ण, घसादुखी, सगळ्यांना हे एकच पाणी चालतं असं त्यात म्हटलंय. मी कोल्हापुरात २८ वर्षं औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम केलं. निवृत्तीनंतरही पेठेतली माणसं चिठ्ठी घेऊन दारात येतातच. टी ट्रीच्या पाण्याची बाटली गेली पाच वर्षं माझ्या फ्रीजच्या दारात असते. मला ते पाणी मनापासून आवडतं. म्हणूनच त्याच्या नावावर नको ते खपवलेलं बघवत नाही.

माझा भाचा १९ वर्षांचा, तालमीत राहतो. उन्हाळ्यात त्याच्या मानेवर आणि जांघेत गजकर्ण उठलं. त्याच्याबरोबरच्या सहा-सात पोरांनाही तेच. आता सराव बराचसा मॅटवर होतो. अंगाला अंग घासतं, घाम पुसायला एकच टॉवेल चार हातांत फिरतो. कुणीतरी सांगितलं म्हणून पोरांनी वर्गणी काढून टी ट्रीच्या पाण्याची मोठी बाटली आणली आणि खिडकीत ठेवली. व्यायाम झाला की प्रत्येकजण दोन फवारे मारून घ्यायचा. गार वाटायचं, तासभर खाज थांबायची. दोन महिने हेच चाललं. भाचा घरी आला तेव्हा मानेवरचं चकंदळ तळहाताएवढं झालं होतं. मधला भाग निवळलेला, कडेला लाल, खवल्यांची उंच रेघ. ही रेघ मी दुकानाच्या काउंटरवर हजारदा पाहिलीय.

त्वचारोगतज्ज्ञांनी कडेची खरवड घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशीच होती. पोटात घ्यायच्या गोळ्या, वरून मलम, असं कित्येक आठवडे चाललं. लंगोट आणि टॉवेल उकळून धुवायचे, कुस्ती बंद. त्या हंगामातलं एक मोठं मैदान त्याच्या हातून गेलं. पोरगं रडलं नाही, पण आठवडाभर जेवणाच्या ताटावर मान वर केली नाही.

पाण्याने त्याला इजा केली असं मी म्हणत नाही. पाण्याच्या भरवशावर दोन महिने गेले, हे दुःख आहे. १९९२ साली ऑस्ट्रेलियात पायाच्या बुरशीवर टी ट्री तेलाच्या १० टक्के क्रीमची चाचणी झाली होती. खाज, जळजळ आणि खवले कमी झाले, पण बुरशी नाहीशी होण्याचं प्रमाण नुसत्या औषधविरहित क्रीमपेक्षा वरचढ ठरलं नाही. दहा टक्के तेलाची ही गत, तर टक्क्याच्याही बारीक अंशाएवढं तेल असलेल्या पाण्याकडून गजकर्ण बरं होण्याची आशा कशी धरायची? खाज थांबली म्हणजे रोग गेला, या समजुतीनेच स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबा घरोघर शिरल्या. ‘ताई, तीच ट्यूब द्या, दोन दिवसांत लाली जाते,’ असं म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर वाद घातला. आता त्यांना पाण्याची बाटली सापडलीय.

मुळात हे पाणी म्हणजे काय, तेही नीट सांगायला हवं होतं. याला फ्लोरल म्हणतात, पण यात फूल नसतं. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या ईशान्य भागात, दलदलीच्या कडेने वाढणारं हे झाड. आपल्या चहाशी त्याचं नातं नाही. नातं आहे ते जांभूळ, पेरू, लवंग आणि निलगिरीशी, ही सगळी एकाच कुळातली. तिथले मूळ रहिवासी बंजलंग लोक त्याची पानं चुरगाळून औषधाला वापरत आले. १९२०च्या दशकात सिडनीचे रसायनशास्त्रज्ञ आर्थर पेनफोल्ड यांनी तेलाचा जंतुनाशक गुण तपासून मांडला, तिथून ते बाजारात आलं.

पाला टाकीत भरून त्यातून वाफ सोडतात. वाफ थंड झाली की वर तेल तरंगतं आणि खाली सुवासिक पाणी राहतं. तेच हे पाणी, म्हणजे अर्क. आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याने जिरेनियमची भट्टी लावलीय, तिथे मी हे डोळ्यांनी पाहिलं. काचेच्या भांड्यात वर बोटभर पिवळसर तेल, खाली धुरकट पाणी. टनभर पाल्यातून त्याला जेमतेम लिटरभर तेल मिळतं आणि पाणी मात्र पिंपभर. तेवढं पाणी तो बांधावर ओतून द्यायचा. टी ट्रीला तेलाचा उतारा बराच जास्त, टनामागे दहा ते वीस किलो. तेलातला मुख्य घटक टर्पिनेन-४-ऑल. तो पाण्यात थोडा तरी विरघळतो, बाकीचे बरेच घटक विरघळत नाहीत. म्हणून पाणी सौम्य असतं, आणि हा सौम्यपणाच त्याचा खरा उपयोग.

तेल थेट लावलं तर कितीतरी जणांना आग होते, जुन्या झालेल्या तेलाने तर पुरळ उठण्याची शक्यता आणखी वाढते. पाण्याचं तसं सहसा होत नाही. तेलकट चेहरा धुतल्यावर कापसाने लावायला, दाढीनंतर, भुवया कोरल्यानंतर, हेल्मेटखाली घामेजलेल्या डोक्यावर, पाठीवरच्या बारीक मुरमांवर मी ते बिनदिक्कत सुचवते. माझ्या सुनेला मास्कच्या कडेने हनुवटीवर फोड यायचे, तिला याने आराम पडला. दिवसभर बूट घालणाऱ्यांनी रात्री पाय धुवून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून फवारलं तर वासही कमी होतो. मुरमांवर तेलाचा पुरावा आहे. १९९० साली १२४ रुग्णांवर ५ टक्के टी ट्री जेल आणि मुरमांवरचं नेहमीचं औषध ५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड यांची तुलना झाली, दोन्हींनी फरक पडला. टी ट्रीचा परिणाम उशिरा दिसला, पण त्याचे दुष्परिणाम कमी होते. मात्र तो पुरावा ५ टक्क्यांच्या जेलचा आहे, तो पाण्याच्या खात्यावर जमा करता येत नाही.

पुरवणीत घरी पाणी बनवायची कृती दिलीय, पाण्यात तेलाचे दहा थेंब टाकून हलवा म्हणून. कृपा करून हे कुणी करू नये. तेल पाण्यात मिसळत नाही. मीसुद्धा सुरुवातीला हे केलं होतं. बाटली हलवून ठेवली, दहा मिनिटांत तेल वर आलं, आणि बाटली संपत आली तेव्हा नळीत जवळजवळ नुसतं तेलच चढलं. भाचीच्या गालावर तो फवारा बसला आणि दोन दिवस गाल लाल राहिला. फार्मासिस्ट असून मला हे आधी सुचलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

गुळण्या करण्याचा सल्ला तर छापायलाच नको होता. घरातल्या बाटलीत काय आहे, अर्क की तेल घातलेलं पाणी, हे वाचणाऱ्याला कुठे कळतं? दहा मिलिलिटरहूनही कमी तेल पोटात गेल्यावर लहान मुलांना गुंगी आल्याच्या, तोल गेल्याच्या नोंदी आहेत. मांजरांनाही हे तेल विषारी ठरतं. गिळायचं नाही, डोळ्यात नाही, तान्ह्या बाळाला नाही, ओल्या जखमेवर नाही. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबावं.

आणखी एक. अर्क जंतुनाशक, म्हणून तो खराब होत नाही, असं लोकांना वाटतं. तालमीच्या खिडकीतली ती बाटली मी उजेडाला धरली. तळाशी कापसाच्या पेळूसारखं पांढरं काहीतरी हळूहळू फिरत होतं. उन्हात दोन महिने ठेवलेलं ते पाणी पोरं अंगावर मारत होती! मी ती ओतून दिली आणि वस्तादांना मॅट रोज जंतुनाशकाने पुसायला सांगितलं. त्यांनी ते ऐकलं.

तेव्हा आपल्याला विनंती अशी: पुढच्या रविवारी त्याच जागी एवढं तरी छापावं, की गोल, खाजरं, कडेने वाढणारं चकंदळ दिसलं तर पाणी नको, ट्यूब नको, डॉक्टर गाठा. आणि बाटली घेताना लेबलवर तीन गोष्टी बघायला सांगा. वाफेवर काढलेला अर्क आहे की पाण्यात तेल आणि सुगंध घातलाय, टिकवण्यासाठी काय घातलंय, आणि कधी बनवलंय. हे लिहिलेलं नसेल तर दुकानदाराला विचारावं. मी काउंटरच्या आत होते तेव्हा असं विचारणारं गिऱ्हाईक मला आवडायचं.

आपली,
एक निवृत्त फार्मासिस्ट, कोल्हापूर