युवा शाखेच्या बैठका संध्याकाळी घ्या

महोदय,

नगरसेवक व्हायला वयाची २१ वर्षे पुरतात आणि २०११ पासून महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. तरीही नागपुरात कोणत्याही पक्षाच्या युवा शाखेत डोकावा, मुली बोटांवर मोजण्याइतक्याच दिसतील. मी अशाच एका शाखेत काम करते. पक्षाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण इतर पक्षांतल्या मैत्रिणीही हेच सांगतात.

बैठक ठरते रात्री नऊनंतर, एखाद्या पानठेल्यापाशी किंवा पदाधिकाऱ्याच्या दुकानात. तिथून रात्री अकराला मुलीने एकटीने मानेवाड्याला परतावे, हे कोणत्या घराला चालेल? अडचण सांगितली की उत्तर तयार असते, ‘ताई, तुम्ही महिला आघाडीत या ना.’ आघाडीतल्या काकू जीव लावून काम करतात, मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकले. पण त्यांच्या वाट्याला हळदीकुंकू आणि राखीचे कार्यक्रम येतात. बूथची यादी, मतदान प्रतिनिधी, झोन कार्यालयातल्या तक्रारी हे सारे पोट्ट्यांकडेच राहते, आणि निवडणूक कशी लढवायची ते याच कामातून कळते. मग जागा महिलेसाठी राखीव झाली की ऐनवेळी कुणाच्या तरी पत्नीचा किंवा आईचा अर्ज भरला जातो. त्या बायकांना मी दोष देत नाही. त्यांनाही आधी कुणी काही शिकवलेले नसते.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तेव्हा महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता, मार्च २०२२ पासून प्रशासक कारभार पाहत होते. अशा वेळी चिखल उपसायला, पंचनाम्यात नाव आले की नाही ते पाहायला वस्तीतली तरुण मुलेच लागतात. आणि पाण्यात संसार गेलेली बाई अंगावरच्या कपड्यांची, बाळंतिणीच्या औषधांची गरज अनोळखी मुलाला सांगत नाही, मुलीला सांगते.

मतदार यादीचेही तसेच. लग्न होऊन दुसऱ्या प्रभागात गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्याच यादीत पडून राहते. नमुना ८ भरून ते हलवता येते, पण दुपारी घरात सूनबाई एकटी असताना दार वाजवणारा कार्यकर्ता मुलगा असेल तर बोलणे उंबऱ्याबाहेरच संपते.

म्हणून सर्व पक्षांच्या शहराध्यक्षांना माझी विनंती आहे. युवा शाखेच्या बैठका संध्याकाळी सहाला, समाजभवनात किंवा वाचनालयात घ्या. प्रत्येक प्रभागात निदान काही बूथ पूर्णपणे मुलींकडे सोपवा, नुसते सहसचिवपद नको. आईवडिलांनीही एकदा बैठकीला येऊन काम पाहावे, मग मुलीला पाठवायचे की नाही ते ठरवावे.

माझ्या शाखेत मी हे मागितले. ‘बघू’ एवढेच उत्तर आले, म्हणून आता जाहीरपणे मागते आहे.

— एक युवा कार्यकर्ती, मानेवाडा, नागपूर