करिअरच्या यादीत मुद्राचित्रणही हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या पुरवणीत कलाक्षेत्रातल्या वाटा सांगणारा लेख येतो. यंदाच्या लेखात उपयोजित कला होती, अॅनिमेशन होते, इंटिरिअर होते. शिल्पकलेची बोळवण दोन ओळींत झाली आणि मुद्राचित्रणाचे, म्हणजे कोरलेल्या पत्र्यावरून किंवा ठोकळ्यावरून कागदावर चित्र छापण्याच्या कलेचे, तर नावही नव्हते. वर ‘शाखा एकदाच ठरवा, नंतर बदललीत तर वर्षे वाया’ असा पालकांना सल्ला. मी शाळेत चित्रकला शिकवण्यात उमेदीची वर्षे घालवली, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला मुले बसवली. हा सल्ला मला अजिबात पटलेला नाही, म्हणून शिल्पकलेकडून मुद्राचित्रणाकडे वळलेले कलावंत कृष्णा रेड्डी यांच्याविषयी लिहितो आहे.

रेड्डी 1925 साली आंध्रातल्या चित्तूर भागात जन्मले. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकले, मग मद्रासच्या ‘कलाक्षेत्र’ या संस्थेत शिकवू लागले. 1949 मध्ये लंडनला स्लेड स्कूल या कलाशाळेत गेले ते शिल्पकला शिकायला. तिथे हेन्री मूर, पुढे पॅरिसमध्ये झॅडकिन, इटलीत मारिनो मारिनी अशा मोठ्या शिल्पकारांकडे त्यांनी काम केले. एवढ्यावर थांबले असते तरी शिल्पकार म्हणून नाव झालेच असते. पण पॅरिसमध्ये स्टॅनली विल्यम हेटर यांची ‘आतेलिए 17’ ही मुद्राचित्रणाची कार्यशाळा होती. रेड्डी तिथे गेले आणि रमले. पुढे हेटर यांच्या जोडीने ती कार्यशाळा सांभाळण्याची जबाबदारीही त्यांच्यावर आली.

आपल्याकडच्या हिशेबाने हा माणूस ‘लाइन बदलून’ बसला. प्रत्यक्षात त्यांनी शिल्पकाराचे हात तसेच पुढे वापरले. जस्ताच्या पत्र्यावर नुसती रेघ ओढून त्यांचे भागत नसे. आम्ल, ब्युरिन हे धातू कोरायचे टोकदार हत्यार, यंत्रावर फिरणारी हत्यारे, जे लागेल ते घेऊन ते त्या पत्र्यात खोल-उथळ पातळ्या कोरत. मग शाईत अळशीचे तेल कमी-जास्त घालून एक शाई पातळ, दुसरी घट्ट करायची. कडक रोलरने पातळ शाई फक्त वरच्या सपाटीवर लागते. मऊ रोलर दाबला की खोलगट भागापर्यंत पोचतो आणि तिथे घट्ट शाई बसते, पण वरच्या तेलकट थरावर ती चढत नाही. त्यामुळे रंग एकमेकांत कालवत नाहीत आणि एकाच पत्र्यावरचे सगळे रंग प्रेसमधून एकदाच फिरवून कागदावर उतरतात. एरवी प्रत्येक रंगासाठी बहुधा वेगळा पत्रा किंवा वेगळा ठसा लागतो. त्यांचे 1963 चे ‘व्हर्लपूल’ (भोवरा) हे मुद्राचित्र पाहिले की हे कळते. त्या भोवऱ्याची खोली रंगाने रंगवलेली नाही, ती आधी धातूत कोरलेली आहे. दगड-माती हाताळलेल्या माणसालाच असा पत्रा सुचू शकतो, असे मला ठामपणे वाटते.

या तंत्राच्या शोधात त्यांच्या बरोबरीने नाव घेतले जाते ते कैको मोती यांचे. मोती मुंबईचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी! आपल्या मुलांना हे ठाऊक नाही, कारण कुणी सांगितलेलेच नाही.

विभागांच्या भिंती मात्र आपण पक्क्या बांधल्या आहेत. माझा एक विद्यार्थी शिल्पकला शिकत होता. त्याला एचिंग, म्हणजे आम्लाने पत्रा कोरून त्यावरून छापणे, करून पाहायचे होते. महाविद्यालयात प्रेस होता, पण ‘तुझा विभाग वेगळा’ म्हणून त्याला परत पाठवले. मुलगा हट्टी नव्हता, त्याने नाद सोडला. त्याची हळहळ मला आजही आहे.

‘यात पोट भरेल का?’ हा पालकांचा प्रश्न रास्तच आहे. रेड्डींनीही शिकवणे कधी सोडले नाही. 1976 मध्ये ते न्यूयॉर्कला गेले आणि तिथल्या विद्यापीठात मुद्राचित्रण शिकवू लागले. 1972 मध्ये पद्मश्री मिळाली होती. 2018 साली, वयाच्या 93 व्या वर्षी ते गेले. शिवाय एका पत्र्यावरून ठरावीक प्रती निघतात. प्रत्येक प्रतीवर कलावंत पेन्सिलीने क्रमांक घालतो, सही करतो, आणि ती प्रत्येक प्रत अस्सल असते. म्हणून तैलचित्र न परवडणाऱ्या घरातही ती जाऊ शकते. पण लोकांना हे माहीतच नसल्याने ‘प्रिंट’ म्हटले की दुकानातले पोस्टर डोळ्यांपुढे येते आणि चांगल्या मुद्राचित्राला गिऱ्हाईक मिळत नाही. इथे वृत्तपत्रांनी हात द्यायला हवा.

राज्य कला प्रदर्शनात मुद्राचित्रणाचा स्वतंत्र विभाग असतो. यंदा त्यातली चार कामे तरी छापा, आणि खाली नुसते नाव न देता काम लिनोकट (लिनोलियमवर कोरलेले) आहे, वुडकट (लाकडावर कोरलेले) आहे की एचिंग, तेही द्या. राज्यात जे कलावंत स्वतःचा प्रेस चालवतात, त्यांच्याकडे वार्ताहर पाठवा. पत्रा कितीला पडतो, प्रेस कुठून आणला, वर्षाकाठी किती प्रती विकल्या जातात, हे त्यांच्याच तोंडून येऊ द्या. पुढच्या जूनमध्ये पुरवणी निघेल तेव्हा हा मजकूर तीत असावा, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त कलाशिक्षक, सातारा