बरण्या झाकणासकट परत मागणाऱ्या काकूंना

सलाम काकू,

तुमच्याबद्दल लिहिलं तर नाव टाकायचं नाही, फोटो टाकायचा नाही आणि उगाच वाढवून सांगायचं नाही, असं तुम्ही बजावलं होतं. पहिल्या दोन गोष्टी पाळतोय. तिसरीचं बघू, कारण मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुम्हाला तीन वर्षं माहितीये.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. नाशिकला शरणपूर रोडच्या बाजूला एका चर्चची मंडळी आहे. बाहेरगावाहून इथे शिकायला आलेली आणि इथून पुण्यामुंबईला शिकायला गेलेली जी पोरंपोरी आहेत त्यांना ही मंडळी परीक्षेच्या आधी खाऊचं खोकं देते. वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आसपासच्या सेमला एकदा आणि उन्हाळ्यातल्या सेमला एकदा. तरुण संघातली पोरं त्याला केअर पॅकेज म्हणतात, काकू खोकं म्हणतात. आता खोकं म्हटलं की हल्ली महाराष्ट्रात लोकांना भलतंच काहीतरी आठवतं आणि हॉलमध्ये दर वेळी कुणीतरी तो जोक मारतंच, पण काकूंनी शब्द काही बदलला नाही.

मी सुरगाण्याच्या बाजूचा. बीएस्सीला नाशिकला आलो तेव्हा मखमलाबाद नाक्याच्या मागे एका रूममध्ये आम्ही तिघं. दोन टाइम मेस लावलेली. मेसवर राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको, पण घरच्या ताटावर वाढलेल्यांना सांगतो, रविवारी दुपारी फीस्ट असते आणि रविवारी संध्याकाळी मेस बंद. सगळीकडेच असंच असतं, त्याबद्दल मेसवाल्याशी माझं काही भांडण नाही, त्यालाही एक संध्याकाळ पाहिजेच की. पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी खिशात तीस-चाळीस रुपये असतात, फीस्टमधली दुसरी वाटी गुलाबजाम संध्याकाळपर्यंत कुठेतरी विरघळून गेलेली असते, आणि रूमवर घरमालकाने इलेक्ट्रिक किटली वापरायची नाही असा दम दिलेला असतो. नाशिकची मिसळ खायला लोक कुठून कुठून येतात, बरोबर आहे, पण ती सकाळची गोष्ट. रविवारी रात्री नऊ वाजता नाशिकमध्ये काय करायचं ते कुणी सांगत नाही.

तुमचं पहिलं खोकं मला माझ्या मर्जीने मिळालं नव्हतं. माझा रूम पार्टनर राहुरीकडचा, तुमच्यातला, त्याने स्वतःच्या नावाबरोबर आमच्या दोघांची पण नावं यादीत टाकून दिली होती. मी त्याच्यावर चिडलो होतो, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगतोय. म्हणलं फुकट कोण देतं, आणि वर चर्चवाले, आता रविवारी प्रार्थनेला बोलावणार. घरी फोनवर सहज बोललो तर वडिलांनी पण तेच विचारलं, धर्म बदलायला लावतात का रे? आमच्याकडे हा विषय निघाला की आवाज बदलतात लोकांचे, त्यामुळे मला वडिलांचा राग नाही आला.

खोकं उघडलं तेव्हा मी पहिल्यांदा कागद शोधला. कागद होता. त्यावर रविवार शाळेतल्या कुठल्यातरी पोराने स्केचपेनने विमान काढलेलं आणि खाली "दादा अभ्यास कर नाहीतर आई मारेल". आणि बरणीला दुसरी चिठ्ठी चिकटवलेली, तुमच्या अक्षरात, "बरण्या धुऊन पुसून परत आणणे. झाकणासकट." बास. एवढंच.

आत काय होतं ते पण लिहितो, कारण त्यात डोकं होतं. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, खाकरे, कांदा न घातलेला चिवडा, खजूर, नागलीचे लाडू, ओआरएसची चार पाकिटं, एक थर्मामीटर, कपड्यांचे चिमटे आणि कुलूप. गॅस नाही, किटली नाही, तरी खाता येईल असंच सगळं. नंतर कळलं की पहिल्या वर्षी तुम्ही पण रेडी उपमा आणि मॅगीच भरली होती, मग एका मुलीने येऊन सांगितलं की काकू आम्ही हे कशात करणार, तेव्हापासून तुम्ही यादी स्वतः करणं सोडलं आणि पोरांनाच विचारायला लागलात की तुमच्याकडचं आधी काय संपतं. कुलूप त्यातूनच आलं म्हणे.

बरण्या परत द्यायला आलो तो शनिवार. म्हणजे यायला तसा उशीरच झाला, कारण परीक्षा संपवून मी आधी गावाला गेलो, बरण्या पिशवीत तशाच, आणि आईने त्या पाहिल्या. कुणाच्या? म्हणलं परत द्यायच्यात. रिकाम्या? म्हणलं हो, धुऊन द्यायला सांगितल्यात. आईने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाचं तरी नाव घालवून आलोय. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत असतात का? डिसेंबर होता, खुरासणी, म्हणजे कारळे, नुकतीच घरात आलेली. तिने ती खापरावर तडतडेपर्यंत भाजली, सुक्या मिरच्या, मीठ, लसूण, उखळात कुटली, आणि दोन्ही बरण्या गच्च भरल्या. वणी-बोरगावच्या गाडीने त्या मांडीवर घेऊन आलो मी, मागच्या सीटवर, सगळ्या गाडीला वास.

हॉलच्या दारात तुम्ही उभ्या होतात. मी ठरवूनच आलो होतो, विचारून टाकलं, काकू मला प्रार्थनेला यावं लागेल का? तुम्ही बरणीचं झाकण उघडून बोटावर चटणी घेतलेली, ती खाल्ली, आणि म्हणालात, यायचं तर ये, दार उघडंच असतं, नसेल यायचं तर शनिवारी लसूण सोलायला ये, मला त्याची जास्त गरज आहे. मग विचारलंत हे काळं काय आहे आणि अजून मिळेल का.

मी त्याच शनिवारी बसलो. लसूण सोलून बोटं दोन दिवस जळत होती.

त्या हॉलची मजा बाहेरच्याला कळणार नाही. लोक एकमेकांना हात मिळवून सलाम म्हणतात, मला पहिल्यांदा कळेचना की सलाम का, मग सवय लागली आणि एकदा कॉलेजात एचओडी सरांना सलाम म्हणून बसलो. लांब टेबलं जोडलेली, एका टोकाला गायन मंडळवाले पेटी बाजूला सरकवून चिवडा मोजतायत, मधे पिशव्या सील करणं चाललंय. सीलिंगचं मशीन नाही. मेणबत्ती आणि हॅक्सॉ ब्लेड. पिशवीचं तोंड ब्लेडवर दुमडायचं, कड जराशी बाहेर ठेवायची आणि ज्योतीवरून एका दमात ओढायची, थांबलात की भोक. मेणबत्त्या नाताळच्या उरलेल्या, अर्ध्या जळालेल्या. माझी पहिली दहा पाकिटं गळकी होती, ती तुम्ही न बोलता "हे आपण खायला" म्हणून बाजूला ठेवलीत.

खोकी म्हणजे द्राक्षाची. मंडळीतले एक काका निफाडकडे पॅकहाउसला आहेत, छपाई चुकलेली खोकी सीझनला बाजूला पडतात ती ते आणून देतात. मस्त मजबूत असतात, पण द्राक्षाला हवा लागते म्हणून त्यांना बाजूने भोकं असतात आणि त्या भोकांतून पहिल्या वर्षी नागलीच्या लाडवांवर मुंग्यांनी ताव मारला. तेव्हापासून टेप. भोकांना टेप लावणं हे रिटायर्ड गुरुजींचं खातं. त्यांच्या शेजारी बसलं की टेप कमी लागते आणि इतिहास जास्त होतो, पण ऐकण्यासारखा.

मी तीन वर्षं रोज शरणपूर रोडने गेलो, सिग्नलला थांबलो, कधी डोक्यात आलं नाही की हे नाव का. गुरुजींनी सांगितलं, १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीने इथे वस्ती वसवली ती शरण आलेल्यांसाठी, आणि नंतर अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेची पोरं इथे आणून ठेवली, शिकवली, सुतारकाम लोहारकाम सगळं. नाशिकला! त्यातलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन, आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी, आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं शव शेकडो मैल चालत किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये हा होता आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत दफन झालं तेव्हा पण हा हजर होता. गुरुजी म्हणाले, त्या पोरांना घरून खाऊ पाठवायला घरच राहिलं नव्हतं. मग त्यांनी टेपचं टोक दाताने तोडलं आणि पुढचं खोकं मागितलं.

केअर पॅकेज या शब्दाचं पण त्यांनीच सांगितलं. आम्हाला वाटायचं केअर म्हणजे काळजी. तर ते आधी एका संस्थेचं नाव, १९४५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली, महायुद्धानंतर युरोपात उपाशी असलेल्या लोकांना खोकी पाठवायची म्हणून, आणि पहिली खोकी १९४६ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या बंदरावर उतरली. त्यावर तुमचं म्हणणं, बघा, म्हणजे माझाच शब्द बरोबर.

आता चटणीचं. पुढच्या खेपेला तुम्ही मला म्हणालात, आईला विचार पाच किलो करून देईल का आणि काय भाव घेईल. आई म्हणाली भाव कसला घ्यायचा. तुम्ही म्हणालात मग आम्ही पण खोकं देत नाही. हे भांडण माझ्या फोनवरून दोन आठवडे चाललं, रिचार्ज माझा. शेवटी खुरासणी आणि मिरचीचे पैसे घ्यायचे, कुटण्याचे नाही, यावर तुम्हा दोघींचं जमलं. आणि एकदा आईला सवड नव्हती म्हणून महिला मंडळाने हॉलमध्येच करायला घेतली तेव्हा मी फोन स्पीकरवर ठेवला, पलीकडून आई सांगतेय आणि इकडे मिक्सर चालू. कच्चा लसूण टाकलात काय? ओल राहते त्यात, आठ दिवसात वास मारेल, लसूण पण भाजा. आणि एकदम सगळी करू नका, तेल सुटतं, खवट होते, लागेल तेवढीच. मिक्सर बंद. सगळ्या जणी गप्प. तुम्ही म्हणालात, ऐका, बाई बरोबर बोलतायत. काकू, माझ्या आईला नाशिकमध्ये कुणी बाई म्हणून तिचं ऐकलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सरकारी ऑफिसात नाही, दवाखान्यात नाही. ती वस्तीवरच्या सगळ्यांना अजून सांगते, नाशिकला माझी चटणी जाते म्हणून. वडील आता विचारत नाहीत काही, फक्त खुरासणी पेरायच्या वेळी म्हणतात, औंदा दोन ओळी जास्त टाकू, त्या काकूंची आहे.

आजारपणाचं थोडक्यात. सेकंड इयरला प्रॅक्टिकलच्या आठवड्यात ताप आणि जुलाब, रूमवर मी एकटा. तुमच्यातल्या नर्सबाईंनी अडून बसून गोळ्या टाकू दिल्या नव्हत्या खोक्यात, पोरं न विचारता खातात म्हणून, थर्मामीटर टाकला होता आणि ओआरएसबरोबर चिठ्ठी: पूर्ण पाकीट, एक लिटर पाणी, चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओता. मी तोपर्यंत ग्लासात अर्धं अर्धं पाकीट टाकून पीत आलो होतो आयुष्यभर. ताप १०३ दिसला म्हणून घाबरून नर्सबाईंना फोन केला, नाहीतर मी झोपूनच काढला असता. पुढचं त्यांनी केलं, रिक्षापासून सगळं. त्यांचे आभार वेगळे मानलेत, प्रत्यक्ष जाऊन.

सगळं गोडच होतं असं लिहिलं तर तुम्हीच रागवाल. ती वासाच्या साबणाची खेप आठवते ना? कुणीतरी भारीतले साबण दान दिले, ते चिवड्याच्या शेजारी भरले आणि पुण्यापर्यंत सगळ्यांनी गुलाबाचा चिवडा खाल्ला. तो बोलका कोण म्हणून तुम्ही विचारलं होतं, ज्याने निनावी चिठ्ठी टाकली "काकू चिवड्याने अंघोळ करू का". मीच. माफ करा. पण साबण बंद झाला हेही खरं.

तीन वर्षांत बावीस खोक्यांवरून सत्तरच्या वर गेलीत तुम्ही, माझ्या डोळ्यासमोर. दान मागताना तुम्हाला किती लाज वाटते ते मी पाहिलंय, दर वेळी उपासनेनंतर माइक हातात घेतला की "जमलं तर" चार वेळा म्हणता. मला मात्र तुम्ही कधी "जमलं तर" म्हणाला नाहीत. ये, सोल, उचल, ठक्कर बाजारच्या एसटी स्टँडला पोचव पुण्याची खोकी, पावती आण. पहिल्या वर्षी मी कॉलेजात, मेसवर, रूमवर सगळीकडे कुणाचातरी एक्स्ट्रा माणूस होतो. तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून माझ्यावर दोन बरण्यांची उधारी होती, त्यामुळे यायला कारण होतं. थँक्यू म्हणायचंय ते खरं तर त्या चिठ्ठीसाठी, चिवडा वगैरे त्याच्यानंतर.

रिझल्ट लागला, सगळे विषय सुटले. अंबडला एमआयडीसीत लॅबमध्ये लागलोय, शिफ्ट आहे, शनिवारी सेकंड असली तर दुपारपर्यंत मोकळा, तेव्हा लसणाचं माझं खातं कुणाला देऊ नका. नवीन यादीत आमच्या गावच्या दोन मुलींची नावं पाठवतोय, दोघी फर्स्ट इयरला आहेत, पंचवटीत रूम घेतलीये, एकीला शेंगदाणे चालत नाहीत तेवढं लिहून ठेवा.

आणि काकू, दोन बरण्या अजून माझ्याकडेच आहेत. एकीचं झाकण हरवलंय, खरंच शोधलं, नाही सापडलं. आईने त्यावर फडकं बांधून दिलंय. भरलेली आहे.

तुमचा,
सुरगाण्याचा लसूणवाला