कूस बदलायला येणाऱ्या हातांचे आभार

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी तासभर येऊन बसणाऱ्या, नावही न सांगणाऱ्या सर्व स्वयंसेवकांचे मनापासून आभार.

सतत एकाच जागी दाब पडून जखमा (बेडसोअर) होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती कशी बदलायची, हे तुम्ही शिकवता. रुग्णाला ओढायचं नाही, कारण ओढताना त्वचा चादरीला चिकटून राहते, आतलं मांस सरकतं आणि जखम आतून सुरू होते. म्हणून पाठीखाली आडवी दुहेरी चादर घालून दोघांनी दोन्ही बाजूंनी उचलायचं. पूर्ण कुशीवर नको, पाठीला उशी लावून साधारण ३० अंश कलतं ठेवायचं, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर येत नाही. पोटरीखाली उशी, टाच अधांतरी. माकडहाड, खुबा, टाचा रोज उजेडात बघायच्या. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावरही फिका पडला नाही, तर तिथे दाब अजिबात नको आणि नर्सला लगेच दाखवायचं. तो डाग चोळायचा तर मुळीच नाही! मायेपोटी घरोघरी नेमकं हेच होतं, आणि आतली नाजूक ऊती आणखी दुखावते.

जेवण भरवताना बसतं करून पुढे अर्धा तास तसंच ठेवणं, हेही तुमच्यामुळे अंगवळणी पडलं.

रात्रंदिवस जागणाऱ्या नवऱ्याला किंवा बायकोला तुम्ही ‘जा, झोपा, आम्ही आहोत’ म्हणता. त्या झोपेसाठी वेगळे आभार.